खाली कारखाना, वर घर : आगीची जबाबदारी नेमकी कोणाची?

१८ मे २०२५, रविवार. पहाटे पावणेचारच्या सुमारास सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील सेंट्रल टेक्स्टाइल मिल्स या टॉवेल कारखान्याला आग लागली. ती आटोक्यात यायला कित्येक तास गेले. आठ जणांचा मृत्यू झाला. त्यात कारखान्याचे मालक होते, त्यांच्या कुटुंबातले तिघे होते आणि चार कामगार होते. मृतांत तीन महिला आणि एक दीड वर्षाचे बाळ. शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज व्यक्त झाला. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीतून मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख आणि जखमींना ५० हजार रुपयांची मदत जाहीर झाली.

दीड वर्षाचे बाळ पहाटे पावणेचारला टॉवेलच्या कारखान्यात कसे, हा प्रश्न बाहेरगावच्या माणसाला पडेल. सोलापूरकराला पडत नाही. मालकाचे बिऱ्हाड कारखान्याच्याच आवारात असणे इथे नवलाचे नाही. शहराच्या पूर्व भागात तर पिढ्यानपिढ्या हीच रीत आहे. खाली यंत्रमागांचा खडखडाट, वर स्वयंपाकघर. जिन्याखाली सुताच्या गाठी, माडीवर तयार मालाचे गठ्ठे, आणि उरलेल्या जागेत अंथरूण. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर आणि टॉवेल यांचा मोठा भाग अशाच छोट्या जागांमधून बाहेर पडतो. जागेचे एकच भाडे, मालावर रात्रीही नजर, कामगाराची राहण्याची सोय. हिशेबाला हे सगळे बरोबर बसते. आग लागेपर्यंत.

सोलापूरची घटना एकटी नाही

गेल्या काही वर्षांतल्या आगींच्या बातम्या शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ९ मे २०१९ रोजी पुण्याजवळच्या उरुळी देवाची येथे कापडाच्या दुकानाला पहाटे आग लागली आणि आत झोपलेले पाच कामगार गेले. दार बाहेरून बंद होते. त्याच वर्षी ८ डिसेंबरला दिल्लीच्या अनाज मंडी भागात कारखाने चालणाऱ्या इमारतीत ४३ जणांचा मृत्यू झाला. बहुतेक जण काम संपवून तिथेच झोपलेले मजूर होते. ३० ऑगस्ट २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात हार्डवेअरच्या दुकानातच राहणारे चौघांचे कुटुंब संपले. ३१ डिसेंबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीत हातमोजे बनवणाऱ्या कारखान्यात सहा कामगार दगावले. तेही आतच झोपले होते.

आणि ३ एप्रिल २०२४. पुन्हा संभाजीनगर, छावणी परिसर. तळमजल्यावरच्या कपड्यांच्या दुकानाला पहाटे चारच्या सुमारास आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातल्या सात जणांचा मृत्यू झाला. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. धुराने गुदमरून ते गेले, असे पोलिसांनी सांगितले.

वेळ रात्रीची किंवा पहाटेची. जागा कामाची. माणसे झोपलेली. कागदोपत्री मात्र यातल्या कितीतरी ठिकाणी वापराच्या रकान्यात ‘दुकान’, ‘गोदाम’ किंवा ‘कारखाना’ एवढेच लिहिलेले असते. तिथे रात्री कोणी झोपते, याची नोंद कुठेच नसते. जबाबदारीचा घोळ इथूनच सुरू होतो.

कायदा कोणाला जबाबदार धरतो?

राज्यात यासाठी स्वतंत्र कायदा आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. तो ६ डिसेंबर २००८ पासून लागू झाला. त्याच्या कलम ३ नुसार आग प्रतिबंधाची यंत्रणा बसवण्याची आणि ती कायम चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी विकासक, मालक किंवा भोगवटादार यांची आहे. अग्निशमन दलाची नाही, महापालिकेची नाही आणि एमआयडीसीचीही नाही. या यंत्रणा परवानगी देतात, तपासतात, नोटीस काढतात. त्यांनी तपासले नाही, तर तो त्यांचा दोष. पण त्याने मालकाची जबाबदारी कमी होत नाही. दुर्घटनेनंतर ‘परवानगी कोणी दिली?’ हा प्रश्न इतका गाजतो की ही साधी गोष्ट मागे पडते.

भोगवटादार हा शब्द नीट समजून घ्यायला हवा. भाड्याने राहणारा किंवा भाड्याने धंदा करणारा भोगवटादार असतो. स्वतःच्या इमारतीत स्वतः राहणारा मालकही भोगवटादार असतो. भाडे न देता जागा वापरणाराही त्यात येतो. सोलापुरात शेड एकाची, त्यात माग दुसऱ्याचे आणि सूत देऊन मजुरीवर माल विणून घेणारा व्यापारी तिसराच, अशी रचना सर्रास असते. अशा वेळी ‘शेड माझी नाही’ म्हणून मागवाल्याला सुटता येत नाही आणि ‘माग माझे नाहीत’ म्हणून शेडवाल्यालाही नाही. भाडेकरारात वायरिंग कोणी बदलायचे, अग्निशामके कोणी भरून घ्यायची, हे लिहून घेतलेले बरे. मात्र तो दोघांतला हिशेब झाला. अग्निशमन अधिकाऱ्याची नोटीस दोघांनाही येऊ शकते.

गृहनिर्माण सोसायटीत मालकी सामाईक असते. त्यामुळे सामाईक यंत्रणेचे काम कार्यकारिणीकडे येते. अध्यक्ष आणि सचिव बदलत राहतात, पंपाची किल्ली कोणाकडे आहे हे मात्र कोणालाच ठाऊक नसते, हा अनुभव सोलापूरपुरता नाही.

एनओसी भिंतीवर आहे, मग काय राहिले?

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. इमारत बांधताना मिळालेले ना-हरकत प्रमाणपत्र फ्रेम करून ऑफिसात टांगले की विषय संपला, असे अनेक मालकांना वाटते. प्रत्यक्षात ते त्या दिवसाचे, त्या नकाशाचे आणि त्या वापराचे प्रमाणपत्र असते.

यंत्रणा बसवून झाल्यावर परवानाधारक संस्थेकडून ‘नमुना अ’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. ही झाली सुरुवात. त्यानंतर दरवर्षी दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन अग्निशमन विभागाला द्यायचे असते. म्हणजे पाच वर्षांपूर्वीचा ‘नमुना अ’ हातात असला आणि मागच्या जुलैचा ‘नमुना ब’ नसला, तर कायद्याच्या दृष्टीने मालक उणा पडला.

कोणत्या इमारतीत काय बसवायचे, हे उंची, क्षेत्रफळ आणि वापर यांवर ठरते. त्यासाठी कायद्याला जोडलेली अनुसूची आणि राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग पाहावा लागतो. यातला ‘वापर’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. कारखाना वेगळा, निवासी वेगळा, साठवण वेगळी. एकाच इमारतीत दोन वापर असतील, तर संहितेचे तत्त्व सोपे आहे: एक तर दोन्ही वापर आगीला दाद न देणाऱ्या भिंतींनी एकमेकांपासून तोडा, नाहीतर जास्त कडक नियम सगळ्या इमारतीला लावा. खाली माग आणि वर घर असलेल्या जागेत सहसा यातले काहीच झालेले नसते. नकाशात फक्त कारखाना दाखवलेला असतो, आणि औद्योगिक भूखंडावर राहण्याला सरसकट मुभा नसल्यामुळे घराचा उल्लेख टाळला जातो. जे कागदावर नाही त्याची तपासणी कशी होणार? उल्लेख टाळण्याची किंमत मात्र आत झोपणारा मोजतो.

विम्याचेही तसेच. पॉलिसीत जागेचा वापर एक आणि प्रत्यक्षात दुसराच असेल, तर दावा करताना कंपनी पहिले बोट त्यावरच ठेवते.

‘शॉर्टसर्किट’ म्हणजे नेमके काय?

आगीच्या जवळपास प्रत्येक बातमीत हा शब्द येतो आणि तिथेच चौकशी थांबल्यासारखी वाटते. जणू शॉर्टसर्किट म्हणजे वीज कोसळण्यासारखी दैवी घटना. ती तशी नाही.

खऱ्या शॉर्टसर्किटमध्ये दोन तारा थेट भिडतात, प्रवाह एकदम प्रचंड वाढतो आणि एमसीबी धडधाकट असेल तर क्षणात पडतो. जास्त धोकादायक गोष्ट शांतपणे होत असते. ती म्हणजे ढिला जोड. मागांच्या थरथरीने बोर्डातला स्क्रू हळूहळू सैल होतो. समजा, त्या जोडावर अर्ध्या ओहमचा विरोध तयार झाला आणि त्यातून २० अँपिअर प्रवाह जातो आहे. गणित केले तर त्या एका ठिकाणी २०० वॅट उष्णता तयार होते. जुन्या काळच्या १०० वॅटच्या दोन बल्बांची सगळी ऊर्जा बोटाच्या पेराएवढ्या जागेत. आणि प्रवाह तर २० अँपिअरच आहे, वाढलेला नाही. त्यामुळे ३२ अँपिअरच्या एमसीबीला काही कळत नाही. तो पडत नाही. जोड तापत राहतो, वायरचे आवरण वितळते, आणि वर साचलेला सुताचा भुगा पेट घेतो.

भुग्याकडे कारखान्यातले लोक सवयीने दुर्लक्ष करतात. माग चालले की सुताचे बारीक तंतू उडणारच. ते पंख्यावर, ट्यूबच्या पट्टीवर, बोर्डाच्या आत, केबलवर बसतात. टॉवेलच्या कापडावर तर उभे लूप असतात. तंतू मोकळे, मध्ये हवा भरपूर. पेटायला याहून सोयीचा माल नाही. वर गाठ बांधलेला गठ्ठा आत धुमसत राहतो, तो वेगळाच. वरची ज्वाळा विझली तरी आतला विस्तव तासन् तास जिवंत असतो. कापसाच्या आणि कापडाच्या आगी दिवसभर चालतात त्या यामुळे.

म्हणून बोर्डाचे सगळे स्क्रू ठरावीक काळाने घट्ट करणे, बोर्ड आतून साफ करणे, जळका वास किंवा काळा पडलेला प्लग दिसला की त्याच दिवशी बदलणे, ही कामे अग्निशामक विकत घेण्याच्या आधीची आहेत. गळती प्रवाह ओळखणारे आरसीसीबी हे उपकरण एमसीबीच्या जोडीला हवेच. पण ढिला जोड त्यालाही दिसत नाही. तिथे माणसाचे डोळे आणि पेचकसच लागतो. रात्री माग बंद झाल्यावर कारखान्याचा मुख्य स्विच बंद करता यावा आणि घराची लाइन मात्र चालू राहावी, अशी दोन वेगळी जोडणी असेल तर रात्रीचा धोका बराच उतरतो. बहुतेक जुन्या जागांत दोन्ही एकाच मुख्य स्विचवर असतात. फ्रिज आणि पंखा चालू ठेवायचा म्हणून खालचा सगळा बोर्ड रात्रभर जिवंत राहतो.

झोपेतला माणूस धुराने जागा का होत नाही?

वास आला की जाग येईल, हा समज खोटा आहे. गाढ झोपेत नाक जवळपास काम करत नाही. त्यात अर्धवट जळणाऱ्या कापडातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा कितीतरी पटींनी घट्ट चिकटतो. माणूस आधी सुस्तावतो, मग उठायचे ठरवले तरी पाय साथ देत नाहीत.

गरम धूर वर जातो. मधला जिना उघडा असेल तर तो धुराड्यासारखे काम करतो. तळमजल्यावरची आग अजून एका कोपऱ्यात असते, पण वरच्या खोलीत छतापासून खाली धुराचा थर उतरू लागतो. छावणीत हेच झाले असावे. आणि पळायचा एकमेव रस्ता कोणता? तोच जिना.

वरच्या मजल्याला दुसरी वाट आहे का, हा प्रश्न म्हणूनच सगळ्यांत आधी विचारायला हवा. खिडक्यांना चोराच्या भीतीने पक्क्या लोखंडी जाळ्या असतात. खाली एकच शटर, त्याला बाहेरून कुलूप. गच्चीचे दार बंद, कारण वर गठ्ठे ठेवलेत किंवा पाण्याची टाकी आहे. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा गच्चीवर झोपायला म्हणून ते दार उघडले जाते. पावसाळा आला की पुन्हा कुलूप लागते.

एका जाळीला आतून उघडणारी झडप आणि कडी बसवायला फॅब्रिकेटरचे अर्ध्या दिवसाचे काम आहे. बाहेरून लोखंडी शिडी लावणे हे दोन दिवसांचे. जिना आणि कारखाना यांच्यामध्ये आपोआप बंद होणारे अग्निरोधक दार बसवले, तर धूर वर यायला वेळ लागतो, आणि इथे एकेक मिनिट मोलाचे असते. बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म छताला लावायला वायरिंगही लागत नाही. तो खाली कारखान्यात एक आणि वर झोपायच्या खोलीबाहेर एक असा हवा. भुग्याने तो वारंवार खोटा वाजतो म्हणून काढून ठेवणारे अनेक आहेत. अशा ठिकाणी धुराऐवजी उष्णता ओळखणारा डिटेक्टर खाली लावावा आणि धुराचा वर ठेवावा.

अग्निशामक आहे, पण चालवणार कोण?

भिंतीवरचा लाल सिलिंडर बहुतेक ठिकाणी असतो. काटा हिरव्या पट्टीत आहे का, शेवटचे भरणे कधी झाले, हे त्याच्यावरच लिहिलेले असते. सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर साधारण १५ ते २० सेकंद चालतो. एवढ्यात पेटलेला बोर्ड किंवा कचऱ्याचा डबा विझतो. गठ्ठ्यांच्या थप्पीला लागलेली आग विझत नाही. वरची ज्वाळा दबते आणि काही मिनिटांत आतला विस्तव पुन्हा डोके वर काढतो. तिथे पाणीच लागते, पण ते वीज तोडल्यानंतर. त्यामुळे मुख्य स्विच कुठे आहे हे रात्रपाळीच्या शेवटच्या माणसालाही ठाऊक असले पाहिजे, आणि तो स्विच गठ्ठ्यांच्या मागे नसावा.

हे नवे शहाणपण नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३८ मध्येच सुटकेचा सुरक्षित मार्ग, विझवण्याची साधने आणि कामगारांना त्या मार्गाची माहिती, या तिन्ही गोष्टी मालकाच्या माथी टाकल्या होत्या. कांडी भरणाऱ्या बाईपासून जॉबरपर्यंत सगळ्यांनी महिन्यातून एकदा दिवे बंद करून बाहेर पडून पाहावे, एवढा सराव पुरतो. किती वेळ लागला ते घड्याळावर मोजायचे. अडखळले कुठे, ते दुसऱ्या दिवशी हलवायचे.

नियम मोडला तर काय होते?

मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याला इमारतीत शिरून तपासणी करण्याचा अधिकार आहे. त्रुटी आढळल्यास कलम ६ अन्वये मुदत देऊन नोटीस बजावली जाते. तरीही दुरुस्ती झाली नाही आणि जिवाला धोका दिसला, तर इमारत रिकामी करणे, वीज-पाणी तोडणे, सील ठोकणे इथपर्यंत कारवाई जाऊ शकते. कायदा मोडल्यास कलम ३६ नुसार सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि २० हजार ते ५० हजार रुपये दंड अशी तरतूद आहे. आगीत कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागू शकते. निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूसाठी त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

दंडाची रक्कम पाहिली तर एका जॅकार्ड मागाच्या दुरुस्तीतही याहून जास्त जातात. धाक वाटावा अशी ती नक्कीच नाही. सोलापूरच्या आगीत तर मालक स्वतःच गेले. तिथे कलम कोणाला लावणार? मालक परगावी सुखरूप आणि मजूर आत, असे चित्र आपण गृहीत धरतो. खाली कारखाना आणि वर घर असलेल्या जागेत मालक, त्याची सून, नातवंडे आणि कामगार एकाच जिन्यावर अवलंबून असतात.

जानेवारी-जुलैच्या आधी काय पाहावे?

‘नमुना ब’ देणारी संस्था परवानाधारक आहे का, हे राज्य अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत तपासता येते. परवान्याची मुदत संपलेली असू शकते, तेही पाहावे. संस्थेचा माणूस प्रत्यक्ष येऊन पंप चालू करून पाहतो की फोटो मागवून प्रमाणपत्र पाठवतो, यावरून त्या कागदाची किंमत कळते. तो आला की त्याला तळमजला दाखवून परत पाठवू नये. वर न्यावे, झोपायच्या खोल्या दाखवाव्यात, रात्री इथे किती माणसे असतात हे खरे सांगावे. बेकायदा ठरेल या भीतीने माणसांचा आकडा लपवला, तर उपाययोजनाही त्या खोट्या आकड्यापुरतीच होते. आणि आग लागल्यावर जवानांना पहिला प्रश्न तोच पडतो: आत किती जण आहेत, आणि कुठे?

त्याचे उत्तर बाहेर उभ्या असलेल्या शेजाऱ्याला किंवा वॉचमनला देता आले पाहिजे. गेटच्या आतल्या बाजूला एका पाटीवर दुसरी वाट, मुख्य स्विचची जागा, पाण्याची टाकी आणि रात्री राहणाऱ्यांची संख्या लिहून ठेवता येते. अग्निशमन दलासाठी १०१, किंवा सर्व तातडीच्या सेवांसाठी ११२. फोन करताना ‘एमआयडीसीत आग’ एवढे पुरत नाही. भूखंड क्रमांक आणि जवळची खूण सांगावी लागते. आणि बंब आत वळेल एवढी गेटसमोरची जागा टेम्पो, सुताची वाहने आणि भंगार यांनी अडलेली नसावी. रात्री ती हमखास अडलेली असते, कारण दिवसभर फिरणारी सगळी वाहने तेव्हा तिथेच उभी असतात.